विहीर दुसऱ्याची, पाइप आपला

आमच्या एका छोट्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काम मी फावल्या वेळात बघतो. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका आजोबांची आठवण आम्ही मोबाइलवर चित्रित केली. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. वडिलांचा हात धरून अधिवेशनासाठी वसवलेल्या टिळकनगरच्या गर्दीत कसे फिरलो, आईने शिदोरीत काय बांधून दिलं होतं, रात्री परतताना पाय कसे दुखत होते, असं बावीस मिनिटं ते बोलले. मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा सुरू व्हायचे. चित्रण करणारा मुलगा कॉलेजात शिकत होता. त्याने ते स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर चढवलं, मला दुवा पाठवला आणि मी तो संकेतस्थळावर लावला. सगळ्यांना फार आवडलं. आजोबांच्या घरच्यांनी तर टीव्हीला जोडून पाहिलं.

चार-पाच वर्षांनी एका शाळेच्या बाईंचा फोन आला. मुलांना तो व्हिडिओ दाखवायचा होता आणि पान उघडल्यावर नुसती काळी चौकट दिसत होती. मीही उघडून पाहिलं. व्हिडिओ उपलब्ध नाही, एवढंच लिहिलेलं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता, जुना ईमेल त्याने बंद केला होता आणि त्याबरोबर वाहिनीही गेली होती. मोबाइल कधीच विकलेला. आजोबा आदल्या वर्षी वारले होते.

त्या मुलाचा यात काही दोष नाही. खातं त्याचं होतं, ते बंद करायचा हक्कही त्याचा. चूक माझी होती. दुवा लावला म्हणजे व्हिडिओ आपल्याकडे आला, असं मी धरून चाललो होतो. यावल-रावेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. दुसऱ्याच्या विहिरीवरून आपल्या शेतापर्यंत पाइपलाइन टाकली की पाणी आपल्या बांधावर पडतं, केळी हिरवीगार दिसते, पण मोटारीचं बटण त्याच्या खोपीत असतं. बाहेरच्या ठिकाणी ठेवलेला व्हिडिओ संकेतस्थळावर लावणं हे तसंच आहे. पाइप जरूर टाका, फक्त बटण कुणाच्या हातात आहे ते विसरू नका. शाळा, कॉलेज, वाचनालय, देवस्थान, पतपेढी, शेतकरी गट, ज्यांचं ज्यांचं संकेतस्थळ आहे आणि त्यावर व्हिडिओ लावायचे आहेत, त्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, म्हणून हे लिहितो.

आधी हे मान्य करू की व्हिडिओ बाहेर ठेवणं योग्यच आहे. मोबाइलवर फुल एचडीत केलेलं एक मिनिटाचं चित्रण साधारण शंभर ते एकशेतीस एमबी होतं. आजोबांची बावीस मिनिटं म्हणजे अडीच-पावणेतीन जीबी. वर्षाला थोडे पैसे भरून आपण जे होस्टिंग घेतो, तिथे एवढी फाइल चढतच नाही. संकेतस्थळं बांधायचं वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिच्यात एका फाइलची मूळ मर्यादा 2 एमबी असते. होस्टिंगवाले ती वाढवून देतात, पण जीबीच्या हिशेबात सहसा नाही. समजा कशीबशी चढवली आणि दोनशे लोकांनी पूर्ण पाहिली, तर पाचशे जीबी डेटा वाहून गेला. संकेतस्थळ त्याच दिवशी बसेल. यूट्यूबसारख्या ठिकाणी एकाच व्हिडिओच्या लहान-मोठ्या अनेक आवृत्त्या तयार होतात आणि समोरच्याच्या नेटवर्कप्रमाणे त्यातली एक चालते. बागेत एक काडी रेंज असलेल्या माणसालाही तो अडखळत का होईना पाहता येतो. आपल्या होस्टिंगला हे जमणार नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

आता तो दुवा आपल्याकडे नेमका कुठे नोंदला जातो, ते पाहू. वर्डप्रेसमध्ये लिहिताना यूट्यूबच्या व्हिडिओचा पत्ता एका ओळीत एकटा चिकटवला की तिथे आपोआप चालणारी चौकट येते. ही सोय 2009 च्या 2.9 आवृत्तीपासून आहे आणि ती इतकी सोपी आहे की आपण सगळे तेवढ्यावरच थांबतो. पण त्या चिकटवण्याने मीडिया लायब्ररीत काहीच जमा होत नाही. तिथे आपले फोटो असतात, पीडीएफ असतात, व्हिडिओचा मागमूस नसतो. तोच पत्ता मुख्य पानावर, उपक्रमाच्या पानावर, वार्षिक अहवालात, बातमीत असा सात-आठ ठिकाणी चिकटवलेला असतो आणि कुठे कुठे चिकटवला याची यादी कुणाकडेच नसते. पुढे व्हिडिओत एक नाव चुकल्याचं लक्षात आलं आणि दुरुस्त करून पुन्हा चढवला, तर यूट्यूब त्याला नवा पत्ता देतं. जुन्या पत्त्यावर नवी फाइल बसवता येत नाही. मग सात-आठ पानं शोधत बसा. दोन सापडतात, बाकीची तशीच राहतात.

म्हणून बाहेरच्या व्हिडिओचीही मीडिया लायब्ररीत रीतसर एक नोंद असावी, आणि पानांनी त्या नोंदीकडे बोट दाखवावं. वर्डप्रेसऐवजी ड्रुपल वापरणाऱ्यांना 2018 च्या 8.6 आवृत्तीपासून 'रिमोट व्हिडिओ' हा प्रकार आयताच मिळतो. पत्ता दिला की शीर्षक आणि छोटं चित्र ते ओढून आणतं, नोंद तयार होते आणि तीच नोंद हव्या तितक्या पानांवर वापरता येते. पत्ता बदलला तर एका जागी बदलायचा. वर्डप्रेसमध्ये बाहेरच्या फाइलची नोंद लायब्ररीत करून देणारी प्लगइनं आहेत, पण प्लगइनचा कर्ता कधी काम थांबवेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे मी साधी युक्ती करतो. व्हिडिओतलं एक बोलकं चित्र काढून तेच लायब्ररीत चढवतो. प्रत्येक चित्राखाली शीर्षक, चित्रओळ, वर्णन आणि पर्यायी मजकूर अशा चार जागा असतात. शीर्षकात व्हिडिओचं नाव, वर्णनात त्याचा पत्ता आणि बाकी सगळी माहिती. पानावर ते चित्र लावायचं आणि त्यावर दाबलं की व्हिडिओ उघडतो. पानही हलकं राहतं, कारण यूट्यूबची चौकट लावली की कुणी व्हिडिओ पाहो न पाहो, तिचा पसारा पानाबरोबर उतरतोच.

नोंद म्हणजे काय, हे वाचनालयात काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. पुस्तक आलं की ते आधी दाखल नोंदवहीत चढतं. दाखल क्रमांक पडतो, तारीख पडते, कुठून आलं ते लिहिलं जातं, आणि त्यानंतरच ते कपाटात जातं. पुस्तक हरवलं तरी ते होतं, एवढं तरी नोंदवही सांगते. बाहेरच्या व्हिडिओला हाच मान द्या. क्रमांक द्या. चित्रण कधी, कुठे, कुणी केलं ते लिहा. चढवल्याची तारीख वेगळी असते, तीही लिहा. बोलणारी माणसं कोण, ते लिहा. व्हिडिओ कोणत्या वाहिनीवर आहे, त्या वाहिनीचा धनी कोण, मूळ फाइल कुठल्या डिस्कवर कोणत्या नावाने आहे, ते लिहा. आणि जमलं तर तो काय म्हणतो, ते शब्दन् शब्द उतरवून ठेवा.

उतरवणं हे कंटाळवाणं काम आहे. दहा मिनिटांच्या बोलण्याला तासभर सहज जातो. तरीही मी आग्रह धरतो, आणि तो आपल्याच मातीतल्या एका गोष्टीमुळे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या गाणी म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व नात्यातली माणसं ती कागदावर टिपून घ्यायची. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. सोपानदेवांनी ते टिपलेलं आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. आज ज्या विद्यापीठाशी आपली कॉलेजं जोडलेली आहेत, त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांचा आवाज आपल्याकडे नाही, पण शब्द आहेत, कारण कुणीतरी हातातलं काम ठेवून लिहून घेतलं. आमच्या आजोबांचं बोलणं मी दोन-अडीच तासांत उतरवू शकलो असतो. तसं केलं असतं तर आज त्या पानावर काळ्या चौकटीखाली निदान त्यांचे शब्द असते.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेली माणसंही महाराष्ट्रात आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांवर बायका, एक लाखाच्या वर ओव्या. प्रत्येक ओवी लिहून घेतलेली, प्रत्येकीला गाव आणि गाणारीचं नाव. काहींचं ध्वनिमुद्रणही केलेलं. आज ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ऐकायला आणि व्हिडिओत पाहायला मिळतात, आणि व्हिडिओ चालला नाही तरी ओवी, गाणारी आणि गाव समोर लिहिलेलंच असतं. व्हिडिओ कुठेही राहो, असं पान कोरं पडत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर सगळं निर्धास्त सोडणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. गूगलने यूट्यूब विकत घेण्याआधी स्वतःचं 'गूगल व्हिडिओ' काढलं होतं. ते 2012 मध्ये कायमचं बंद झालं. 29 जून 2020 ला सरकारने 59 अॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खान्देशातल्या किती पोरापोरींची अहिराणी आणि लेवा गणबोलीतली गाणी, नकला तिथे होत्या! ज्यांनी मोबाइलमध्ये मूळ ठेवलं होतं, त्यांचं राहिलं. मायस्पेस या एकेकाळच्या बड्या ठिकाणी लोकांनी बारा वर्षांत चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, असं 2019 मध्ये उघड झालं. आणि आपल्या कामाशी थेट संबंध असलेली घटना 2021 ची. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' असा एक प्रकार असतो, म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसेल असा. संस्था तो फार वापरतात. 2017 च्या आधी चढवलेले असे सगळे व्हिडिओ 23 जुलै 2021 पासून यूट्यूबने सुरक्षेच्या कारणाने आपोआप खासगी केले. मालकाने आधी वेळेत नकार कळवला असेल तेवढेच वाचले. कळवण्याची ईमेल गेली होती, पण ती गेली मालकाच्या पत्त्यावर. तो पत्ता कुणीच उघडत नसेल तर?

म्हणूनच वाहिनी कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मी सगळ्यांना पहिल्यांदा विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं. एका उत्साही सरांच्या किंवा विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर. सर निवृत्त होतात, मुलगा पास होऊन जातो, पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना आपण त्यावर बांधकाम करत नाही, मग इथे का करतो? वाहिनी संस्थेच्या ईमेलवर काढा. गूगलच्या 'ब्रँड अकाउंट'ला एकाहून जास्त मालक ठेवता येतात. अध्यक्ष किंवा मुख्याध्यापक, ग्रंथपाल आणि एखादा तरुण, असे तिघं ठेवा. कुणी बदलून गेलं की त्याच आठवड्यात नाव बदला.

ड्राइव्हचे दुवे लावणाऱ्यांनाही सांगतो. नॅक मूल्यांकनाच्या तयारीत कॉलेजांनी कार्यक्रमांचे व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून त्यांचे दुवे संकेतस्थळावर दिले आहेत. चढवणाऱ्याच्या संगणकावर ते चालतात, कारण तो आत शिरलेलाच असतो. बाहेरच्या माणसाने दाबलं की परवानगी मागा असं पान येतं. दुवा लावल्यावर तो एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर, कुठल्याही खात्यात न शिरता उघडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय पूर्वी शिक्षणसंस्थांना गूगलची अमर्याद जागा मिळायची. 2021 मध्ये ती सवलत बंद होत असल्याचं गूगलने जाहीर केलं, आणि संपूर्ण संस्थेला मिळून 100 टीबीची मर्यादा आली. त्यामुळे जुनं काढून टाका, असं फर्मान कधीही निघू शकतं. तेव्हा मूळ कुठे आहे हे माहीत असलेलं बरं.

मूळ फाइल घरात ठेवायची, म्हणजे एका पेनड्राइव्हवर टाकून कपाटात नव्हे. तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या इमारतीत, शक्यतो वेगळ्या गावात. आमच्याकडे एक डिस्क वाचनालयात आहे, एक सावद्याला आमच्या एका सभासदांच्या घरी आणि तिसरी प्रत इंटरनेटवर. हे जास्तीचं वाटत असेल तर पुण्यात काय झालं ते आठवा. 8 जानेवारी 2003 ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या तिथल्या एका कोठीला आग लागली आणि नायट्रेटवरच्या शेकडो जुन्या चित्रपटांची रिळं जळाली. जतन करणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यावर ही वेळ येते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज कुठेच नाही, आणि 1931 च्या 'आलम आरा'ची तर एकही प्रत उरलेली नाही.

ज्यांचे व्हिडिओ आत्ता वाहिनीवर आहेत पण मूळ हरवलं आहे, त्यांनी आजच ते उतरवून घ्यावेत. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ उतरवता येतो, मात्र त्याचा दर्जा मूळ फाइलइतका असेलच असं नाही. गूगलच्या 'टेकआउट'मधून सगळे एकगठ्ठा मिळतात. वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवा.

दुसऱ्यांच्या वाहिनीवरचे व्हिडिओ आपल्या लायब्ररीत घेताना जरा वेगळा विचार लागतो. तिथे मूळ ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. दुवा लावायचा, श्रेय ठळक द्यायचं आणि शक्य असेल तर त्यांना कळवायचं. पण मजकूर जुना झाला आहे का, ही जबाबदारी मात्र लावणाऱ्याची. केळीवर कुकुंबर मोझॅक आला की आपल्या भागातले शेतकरी रात्री अकरालाही मोबाइलवर शोधत बसतात. रोगट झाड उपटून नष्ट करा, मावा आवरा, बागेत काकडीवर्गीय पिकं घेऊ नका, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी बरोबर होता आणि आजही आहे. पण त्याच व्हिडिओत सांगितलेलं औषध आणि त्याची मात्रा आज चालेलच असं नाही. नोंदीत चित्रणाची तारीख असेल आणि ती पानावर दिसत असेल, तर शेतकरी स्वतःच सावध होतो. तारीख नसलेला शेतीचा व्हिडिओ मी आमच्याकडे लावत नाही.

लहान मुलांचे स्नेहसंमेलनाचे नाच टाकताना पालकांची लेखी संमती घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी ते बरोबरच होतं. चित्रपटातलं गाणं मागे वाजत असेल तर यूट्यूब तो व्हिडिओ कधीही अडवू शकतं, हेही लक्षात असू द्या. नाचाला आपल्याकडची लोकगीतं गावातल्या बायकांकडून गाऊन घेतली, तर तो प्रश्नही मिटतो आणि गाणीही राहतात.

काय टिपायचं, असं मला तरुण मुलं विचारतात. मोठं काही शोधू नका. मागच्या थंडीत आम्ही भालोदकडच्या एका शेतात भरीत करताना चित्रण केलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. एक आजी साल काढता काढता वांग्याचं देठ मात्र राखत होती आणि ते का राखायचं, हे ती तिच्या बोलीत सुनेला सांगत होती. नंतर लाकडी बडगीत ठेचण्याचा आवाज. एकूण सहा मिनिटं. हा व्हिडिओ आमच्या नोंदवहीत चढला आहे. क्रमांक आहे, तारीख आहे, शेत कुठलं ते आहे, आजीची आणि घरच्यांची परवानगी आहे, आणि तिचं सगळं बोलणं तिच्याच बोलीत उतरवून ठेवलं आहे. वाहिनी वाचनालयाच्या नावावर आहे. तीन प्रती आहेत.

येत्या रविवारी दोन तास काढा. आपल्या संकेतस्थळाची पानं एकेक करून उघडा, प्रत्येक व्हिडिओ दाबून पाहा आणि एका वहीत चार रकाने आखून लिहीत जा: चालतो का, वाहिनी कुणाची, मूळ कुठे, माणसं कोण. आम्ही हे केलं तेव्हा आमच्या चाळीसपैकी नऊ बंद निघाले. त्या नऊंपैकी सहांचं मूळ शोधाशोध करून मिळालं. एक तर लग्नाचं चित्रण करणाऱ्या दुकानातल्या जुन्या संगणकात होतं.

आजोबांच्या व्हिडिओचा शोध अजून चालू आहे. त्या मुलाने आपल्या मित्रांना विचारलं, तेव्हा एकाच्या जुन्या मेमरी कार्डावर पहिली चार मिनिटं सापडली. व्हॉट्सअॅपवरून पाठवायला कापलेला तुकडा तेवढा राहिला होता. तो आम्ही शब्दन् शब्द उतरवून घेतला आहे. त्यात ते शिदोरीपर्यंत येतात आणि तुकडा तिथे संपतो. फैजपूर, सावदा, न्हावी, यावल भागात कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये किंवा सीडीवर उरलेली अठरा मिनिटं असतील, तर वाचनालयात आणून द्यावीत.